माळीबाबाचं आदरार्थी अनेकवचन

सिंगापूरला जाऊन आलेला माणूस आमच्या गावात आता नवलाचा राहिलेला नाही. प्रत्येक आळीत एखादा तरी निघतो, आणि तो उंच इमारतींचे, कारंज्यांचे, केबलकारचे फोटो दाखवून पाहुण्यांचा चहा गार करतो. माझ्याकडे तसलं काही नाही. मी गेलो, राहिलो, आणि बहुतेक वेळ एका फ्लॅटमध्ये, त्या फ्लॅटखालच्या बाकावर आणि चर्चच्या एका हॉलमध्ये काढून परत आलो. तरी लिहायला बसलोय, कारण जन्मभर फळ्यावर लिहिलेला व्याकरणाचा एक नियम मला तिथे जाऊन कळला.

आधी थोडं घरचं सांगतो. मी वसईचा. धर्माने ख्रिस्ती, पेशाने मराठीचा शिक्षक, आता निवृत्त. नाव पास्कल. गावात मला सगळे 'सर' म्हणतात. ज्यांना शिकवलं ते म्हणतातच, पण जिला कधी शिकवलं नाही ती मासळीवालीही म्हणते आणि आमचे फादरही. बायको, रोझी, मला 'अहो' म्हणायची. तिलाही जाऊन बरीच वर्षं झाली. २०१५ साली ईस्टरआधीच्या उपवासकाळात माझी थोरली बहीण मार्थाबाय गेली. माती देऊन घरी आलो, माणसं पांगली, आणि ओट्यावर एकटा बसल्यावर लक्षात आलं की आता मला 'अरे पास्कू' म्हणणारं कुणीही उरलेलं नाही. रडलो. बहिणीसाठी रडलो, आणि खोटं कशाला बोलू, थोडा माझ्यासाठीही रडलो.

म्हणून मुलीचा फोन आला तेव्हा मी नेहमीसारखे आढेवेढे घेतले नाहीत. "पप्पा, मे महिन्यात जेनिसचं दृढीकरण आहे. तुम्ही यायचंच," वीणा म्हणाली. दृढीकरण म्हणजे तान्हेपणी झालेल्या बाप्तिस्म्यावर कळत्या वयात बिशपांच्या हातून शिक्कामोर्तब करून घ्यायचं. जेनिस माझी एकुलती एक नात. मी सुकेळी घेतली. आमच्या वसईची ही केळी, सोलून उन्हात वाळवलेली, दिसायला काळपट आणि खायला गोड. वाडीतल्या झाडांना पाणी घालायचं काम शेजाऱ्यावर सोपवलं आणि निघालो.

टॅम्पिनीस

वीणाचं घर टॅम्पिनीसला, अकराव्या मजल्यावर. दार जेनिसने उघडलं. पंधरा वर्षांची, माझ्याहून उंच, केस पोरांसारखे कापलेले.

"आजोबा, तू आला! तू किती बारीक झाला!"

"जेनिस!" स्वयंपाकघरातून वीणा. "'तुम्ही आलात' म्हण."

"सॉरी. तुम्ही आलात." आणि माझी बॅग आत ओढतेय तोवर, "आजोबा, तू पाणी पिणार की कोल्ड माइलो?"

मी पाणी मागितलं. पण खरं म्हणजे माझी तहान तिच्या त्या पहिल्याच वाक्याने भागली होती. व्याकरण सपशेल चुकलेलं, 'आलास' नाही की 'झालास' नाही, माझ्या शाळेत असती तर अंगठे धरून उभी केली असती. इथे मात्र मी सोफ्यावर बसून मनातल्या मनात ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत होतो.

जेवताना वीणाने विषय काढला. ती बँकेत अकाउंट्स बघते. जावई नेल्सन बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, तुआसला, जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात इंजिनियर आहे. तो अंधारात निघतो आणि अंधारात परततो, म्हणून घरातली बहुतेक बोलणी वीणाच करते.

"पप्पा, तुम्ही आहात तोवर हिला एवढं तरी शिकवा. सगळ्यांना तू-तू करते. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एका काकांना म्हणाली, 'काका, तू बस ना.'"

"मग?"

"मग काय, सगळ्या बायका हसल्या. आणि एक मला म्हणते, 'अगं, तुम्ही ख्रिश्चन ना, चालायचंच.'" वीणाने हातातला डाव खाली ठेवला. "पप्पा, मी तुमच्या वर्गात बसून शिकलेली. मला चालायचंच?"

वीणा माझ्याच शाळेत होती. वर्गात मला सर म्हणायची, घरी पप्पा, आणि दोन्हीकडे तुम्ही. तिचा राग मला शंभर टक्के पटला. "शिकवतो," मी म्हणालो. जेनिसने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. मी भात कालवत राहिलो, कारण मी काय कबूल केलंय ते माझं मला कळत होतं. या घरातला एकुलता एक 'तू' मला माझ्याच हाताने पुसून टाकायचा होता.

दुसऱ्या दिवसापासून मी आणि फ्लॅट. सकाळी तिघं आपापल्या वाटेने गेली की घरात फक्त फ्रिजचा आवाज. आमच्याकडे घर बंद करून कुणी निघालं तर शेजारी विचारतात, कुठे चाललात, कधी येणार. इथे मजल्यावरची सगळी दारं बंद आणि सगळ्या दारांबाहेर चपला नीट लावून ठेवलेल्या. माणसं आत आहेत हे चपलांवरून ओळखायचं. समोरच्या इमारतीत खिडक्यांतून बांबू बाहेर काढून त्यावर कपडे वाळत घातलेले असायचे. मी त्यांच्याकडे बघत चहा प्यायचो.

इमारतीच्या तळाला भिंती नसतात, नुसती मोकळी जागा आणि बाक. तिला व्हॉइड डेक म्हणतात. मी तिथे जाऊन बसायला लागलो. येणारेजाणारे 'मॉर्निंग, अंकल' म्हणायचे आणि पुढे जायचे. परतताना एकदा मी सरळ लिफ्टने अकराव्या मजल्यावर गेलो आणि किल्ली लावली. किल्ली फिरेना. जोर लावला. दार आतून उघडलं आणि जाळीपलीकडे एक चिनी म्हातारी, हातात पळी.

"राँग ब्लॉक, अंकल," ती म्हणाली. तिने पळीनेच समोरची इमारत दाखवली. "नंबर सी फर्स्ट, कॅन?"

मी माफी मागितली. ती हसली, पण दार लगेच लावलं नाही. तिच्या मागे टीव्ही चालू होता आणि टेबलावर एकच वाटी होती. आम्ही दोघं जाळीच्या दोन बाजूंना उगीचच थोडा वेळ उभे राहिलो, आणि मग मी निघालो. त्यानंतर खाली कधी भेटली की विचारायची, "टुडे करेक्ट ब्लॉक?"

शनिवारी जेनिस मला हॉकर सेंटरला घेऊन गेली. एका मोठ्या छपराखाली पन्नास प्रकारच्या खानावळी, असं समजा. ती रांगेत उभी राहिली आणि मला म्हणाली, "तू जागा बघ." जागा मिळाली. टेबलावर कागदी रुमालांचं पाकीटही ठेवलेलं होतं. मला वाटलं, किती टापटीप लोक आहेत हे, हात पुसायची सोयसुद्धा करून ठेवतात. मी पाकीट फोडलं, कपाळाचा घाम पुसला, मान पुसली. तेवढ्यात ऑफिसातली एक मुलगी सूपची वाटी घेऊन आली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

जेनिस धावत आली. "सॉरी, सॉरी, ही डझन्ट नो!" मग मला, "आजोबा, ते पॅकेट म्हणजे तिची सीट आहे! लोक असंच बुक करतात! तू तिच्या सीटने तोंड पुसलं!"

आम्ही खांबामागे उभं राहून इतके हसलो की जेनिसच्या ताटातला रस्सा सांडला. या प्रवासात मी असा हसलो तो एवढाच. वीणा बरोबर नव्हती, त्यामुळे 'तुम्ही'ची आठवण कुणी करून दिली नाही आणि मीही दिली नाही.

बाकावरची गोष्ट

दृढीकरणाच्या वर्गात प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या किंवा गावच्या एका संताची गोष्ट सांगायची होती. जेनिसने इंटरनेटवरून कुणीतरी प्रसिद्ध संत शोधला होता. मी म्हणालो, "आपला माळीबाबा आहे की."

"मालीबाबा हू?"

आमच्या वाड्यांच्या बांधावर एक लहानसं कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, आहे. त्यात लाकडाची एक मूर्ती आहे, कुठल्याशा पाद्र्याने फार पूर्वी आणलेली. अंगात ठिगळाचा झगा, हातात खुरपं, आणि बिशपचा उंच मुकुट डोक्यावर नाही तर पायाशी ठेवलेला. खालच्या पट्टीवर लॅटिनमध्ये नाव होतं म्हणे, पण ते वाळवीने खाल्लं. मध्ययुगातला युरोपातला कुणी संन्यासी, पुढे बिशप झालेला, एवढंच माहीत. आमची माणसं वाडीतली. त्यांनी खुरपं बघितलं आणि त्याला माळीबाबा करून टाकला. अजूनही पहिला फ्लॉवर, पहिली वांगी आधी त्याच्यापुढे जातात.

ही गोष्ट मला आईने सांगितली होती. ती मी जेनिसला शाळेतून आल्यावर खालच्या बाकावर थोडी थोडी सांगायला लागलो.

"तो एका मठात राहायचा. लॅटिन प्रार्थना त्याला धड पाठ व्हायच्या नाहीत. म्हणून त्याला भाजीच्या मळ्यात घातलं. तिथे तो खूश. मठातला आचारी मात्र महातापट. खिडकीतून ओरडायचा, 'अरे, कोबी धुऊन आण! अरे, मुळ्याला माती किती ठेवलीस!'"

"सो बुलिंग," जेनिस म्हणाली.

"नाही गं. दोघं जिवलग. आचारी ओरडला नाही तर त्याला चुकल्यासारखं व्हायचं."

एवढं सांगून मी थांबलो, कारण तिची ट्यूशन होती. इथल्या मुलांना गोष्ट ऐकायलाही वेळ मागून घ्यावा लागतो. आमच्याकडे पोरं वेळ घालवायला गोष्टी मागतात.

ईस्ट कोस्ट

रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, झाल्यावर सगळे बसने समुद्रावर गेलो. इथे मिस्सेत शांतीचा अभिवादनविधी येतो तेव्हा लोक हात मिळवत नाहीत, एकमेकांना वाकून नमस्कार करतात. मला शेजारच्या पाचसहा जणांनी अगदी मनापासून नमस्कार केला, आणि बाहेर पडल्यावर त्यातल्या एकाचाही चेहरा मला आठवेना. आमच्या चर्चमध्ये मिस्सा संपली की अंगणात अर्धा तास तरी गप्पा. लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या एकमेकींची दुखणी विचारतात आणि फादरांना जेवायला उशीर करतात.

समुद्रावर जहाजांची रांग उभी होती. नेल्सन हात लांब करून म्हणाला, "पप्पा, यातलं कुठलं तरी उद्या आमच्याकडे येईल." एवढं बोलून तो वाळूत चटई टाकून झोपला. आठवड्याची झोप होती ती. वीणा फोनवर. मी जेनिसला पुढची गोष्ट सांगायला घेतली.

जुना बिशप वारला. थोरामोठ्यांत भांडण लागलं, माझा माणूस की तुझा माणूस. शेवटी कुणाचाच नसलेला एक निवडायचं ठरलं, तो हा माळी. न्यायला आले तेव्हा हा घेवड्याच्या मांडवात लपला. खुरपं बाहेर राहिलं होतं, म्हणून सापडला. तसाच मातीच्या पायांनी नेऊन त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला.

"मग ते राजवाड्यात राहायला गेले," मी पुढे म्हणालो. "तिथे त्यांना मऊ गादी होती, पण ते जमिनीवर झोपायचे. त्यांनी गुलाबाच्या वाफ्यात कांदे लावले."

"वेट. 'ते' कोण? अजून कोण गेलं त्याच्यासोबत?"

"कुणी नाही. ते म्हणजे माळीबाबाच."

"पण आधी तर 'तो' होता!"

मला हसू आलं. "अगं, आता बिशप झाले ना. मोठ्या माणसाला 'तो' म्हणत नाहीत, 'ते' म्हणतात. आदरार्थी अनेकवचन."

"म्हणजे प्लुरल?"

"प्लुरल."

तिने वाळूत बोटाने एक रेघ ओढली. मग म्हणाली, "सो ही गॉट प्रमोटेड अँड बिकेम प्लुरल. पण तो तर एकटाच होता ना, आजोबा?"

हा नियम मी किती वर्गांत शिकवला असेल. एक माणूस, क्रियापद अनेकवचनी, आदर दाखवण्यासाठी. पोरांनी घोकला, पेपरात लिहिला, गुण घेतले. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी गोष्टच पुढे नेली.

राजवाड्यात सगळे त्यांना 'महाराज' म्हणायचे. नखांत माती दिसली की हसायचेही, पण मागे वळून. दारावरच्या भिकाऱ्यांना ते आपलं ताट द्यायचे. एक दिवस राहवलं नाही, म्हणून खेचरावर बसून जुन्या मठात गेले, मुद्दाम स्वयंपाकघराच्या दाराने. आचारी कोबी चिरत होता. तो आता ओरडेल, अरे, इतके दिवस होतास कुठे म्हणेल, म्हणून ते उंबऱ्यात थांबले. आचाऱ्याने वर बघितलं. सुरी टाकली, गुडघ्यावर बसला, आणि अंगठीचं चुंबन घेऊन म्हणाला, "महाराज, आपण?" परत जाताना बिशप रडत होते, हे फक्त खेचर हाकणाऱ्याने पाहिलं.

"त्याने सांगायचं ना, मला अरे म्हण," जेनिस म्हणाली. "सिंपल."

"बिशपने सांगितलं तर तो हुकूम होतो. हुकूम दिल्यावर म्हटलेला 'अरे' काय कामाचा?"

"दॅट्स सो सॅड, लाह." वाक्याच्या शेवटी 'लाह' नाही तर 'वॉट' लावायची इथल्या पोरांची सवय.

वारा बरा होता. वीणाचा फोन संपला आणि तिने विचारलं, "काय, शिकवताय ना पप्पा हिला?" मी म्हणालो, शिकवतोय. त्या वेळेपर्यंत मी एक अक्षर शिकवलं नव्हतं.

लिटिल इंडिया

तूरडाळ संपली होती. मी म्हणालो, मी आणतो, मला काय काम आहे. एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जाऊन लिटिल इंडियाला उतरलो. फुलांच्या हारांची दुकानं बघून पाय थबकले. आमच्याकडूनही मोगरा पहाटे दादरला जायचा. माझी आई आणि मार्थाबाय कंदिलाच्या उजेडात कळ्या खुडायच्या. इथला मोगरा तमिळ बायका गुंफत होत्या. मी एक गजरा घेतला. पैसे देऊन झाल्यावर लक्षात आलं की तो द्यायचा कुणाला. वीणा केसात माळत नाही, आणि जेनिसला केसच नाहीत.

चोवीस तास उघड्या असणाऱ्या एका मोठ्या दुकानात डाळींच्या रांगेत उभा होतो, आणि कानावर आलं, "अगं, इकडे तूरडाळ नाहीच आहे, सगळी मसूर!" पुण्याचं, स्वच्छ मराठी. मला इतका आनंद झाला की मी ओळखपाळख नसताना मध्ये तोंड घातलं.

"तूरडाळ या बाजूला आहे, बघा."

"अय्या, तुम्ही मराठी!" बाई माझ्याच वयाच्या, बरोबर सून. "कुठले?"

"वसईचा. मुलीकडे आलोय, टॅम्पिनीसला."

"आम्ही कोथरूडचे. मुलगा आयटीत. किती बरं वाटलं हो! एकदा यायला पाहिजे तुम्ही घरी. नाव काय म्हणालात?"

"पास्कल."

त्यांनी मला पुन्हा एकदा नीट बघून घेतलं. मग फार कौतुकाने म्हणाल्या, "पण मराठी किती छान बोलता हो तुम्ही!"

"बोलतो थोडंफार," मी म्हणालो.

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. सूनही गोड हसली. दोघी पिशव्या घेऊन निघून गेल्या आणि पत्ता द्यायचं राहून गेलं. गजरा मी स्टेशनाबाहेरच्या बाकावर ठेवून दिला. गाडीत बसल्यावर मला वीणाचा तो खाली ठेवलेला डाव आठवला. मला एकदा ऐकावं लागलं तर एवढं लागलं. तिला हे दर महिन्याला ऐकावं लागत असेल, आणि उद्या जेनिसला. पोरीला कुणी 'चालायचंच' म्हणता कामा नये.

त्या संध्याकाळपासून मी शिकवायला लागलो. अगदी पूर्वीच्या सरासारखा.

"तू बस."

"तुम्ही बसा."

"तू जेवलास?"

"तुम्ही जेवलात?"

"तुला आवडलं?"

"तुम्हाला आवडलं?"

लिफ्टमध्ये, बसस्टॉपवर, भांडी पुसताना. पोरगी हुशार, चार दिवसांत तयार झाली. "टुडे करेक्ट ब्लॉक?" विचारणाऱ्या म्हातारीलाही एकदा उत्साहात मराठीत म्हणाली, "तुम्ही कशा आहात?" घरी मला 'आजोबा, तुम्ही चहा घेणार?' विचारायला लागली. वीणा चेहऱ्यावर न दाखवता खूश. मी चहा घ्यायचो. उत्तर बरोबर आलं की शाबासकी द्यायची सवय हाडात भिनलेली आहे, ती देत होतो, आणि दर शाबासकीला माझं काहीतरी कमी होत होतं.

चर्चचा हॉल

जेनिस वर्गात गोष्ट सांगणार होती त्याच्या आदल्या दिवशी मी तिला शेवट सांगितला. आमच्या गावच्या फादरांच्या छापील पुस्तिकेत माळीबाबा प्रार्थना म्हणत शांतपणे गेले, एवढंच आहे. आईची गोष्ट वेगळी होती. बिशप शेवटच्या दुखण्यात पडले तेव्हा आचाऱ्याला बोलावून घेतलं. भोवती सरदार, धर्मगुरू, मेणबत्त्या. बिशपना बोलता येत नव्हतं, ते नुसते बघत राहिले. आचाऱ्याने बाहीने नाक पुसलं, सगळ्यांदेखत पुढे झाला आणि खेकसला, "अरे, ऊठ! कोबी धुवायचा राहिलाय." तेव्हा तो हसला, आणि गेला. आई इथे 'ते' सोडून परत 'तो'वर यायची.

हॉलमध्ये पालकांची गर्दी होती. नेल्सन तुआसहून तसाच आला होता, जाड तळव्याच्या बुटांत, आणि मागे भिंतीला टेकून उभा होता. जेनिसने सगळं इंग्रजीत सांगितलं, आणि मध्येच थांबून, तेही इंग्रजीतच, म्हणाली, "माझ्या आजोबांच्या भाषेत माणूस मोठा झाला की तो प्लुरल होतो. बिशप झाल्यावर हा माळी प्लुरल झाला. पण दुसरं कुणी त्याच्यासोबत नव्हतं. शेवटी कुकने त्याला पुन्हा सिंग्युलर केलं." मुलं हसली.

टाळ्या वाजल्या. ती धावत आमच्याकडे आली, गाल लाल झालेले. "आजोबा, तुम्हाला आवडलं?"

वीणाच्या डोळ्यांत पाणी आलं. एकही चूक नव्हती. "फार आवडलं," मी म्हणालो. तिला जवळ घेतलं आणि भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिलो.

दृढीकरणाला बाहेरच्या देशातले एक वृद्ध पाहुणे बिशप आले होते. मुलांच्या कपाळाला तेल लावून झालं, मिस्सा झाली, अंगणात चहापाणी सुरू झालं. सगळे त्यांच्यापासून अदबीने चार हात लांब. ते कागदी कप हातात धरून मधल्या रिकाम्या जागेत एकटेच उभे. माझ्या खिशात सुकेळी होती, जेनिसच्या वर्गाच्या बाईंसाठी आणलेली. काय वाटलं कुणास ठाऊक, मी पुढे गेलो आणि एक त्यांच्यापुढे धरलं. "बनाना. फ्रॉम माय व्हिलेज." त्यांनी खाल्लं. बोटं चाटली. मग इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "वन मोअर?" दिलं. आम्ही दोघांनी न बोलता सुकेळी संपवली.

चांगी

निघायच्या आधी वीणा म्हणाली, "पप्पा, इथेच राहा ना आता. तिथे आहे कोण?" मी म्हणालो, वाडीला पाणी कोण घालणार. ती म्हणाली, शेजारी घालताहेत की. तिचं खरं होतं. पण त्या फ्लॅटमधल्या फ्रिजचा आवाजही खरा होता. एकटं राहायचंच तर ओळखीच्या झाडांत राहावं, एवढंच मी ठरवलं होतं.

विमानतळावर आत जायच्या दाराशी नेल्सनने बॅग हातात दिली. वीणा रडली. जेनिस पुढे आली आणि नीट, सावकाश म्हणाली, "आजोबा, तुम्ही सांभाळून जा. पोचलात की फोन करा."

मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते. "शाबास," म्हणालो आणि वळलो. पाचसहा पावलं गेलोही असेन. आणि मला मठाच्या उंबऱ्यात थांबलेला माळीबाबा आठवला. त्याला मागता येत नव्हतं, कारण तो बिशप होता. मी कोण लागून गेलो? वसईचा एक म्हातारा मास्तर. माझा हुकूम मानतो कोण?

परत फिरलो. मागचे लोक वैतागले.

"जेनिस, मला 'तुम्ही' नको म्हणूस."

"हं? पण तुम्हीच शिकवलं, वॉट."

"शिकवलं. बाकी सगळ्यांना म्हण, आयुष्यभर म्हण. मला सोडून."

"पप्पा, अहो, तिला आत्ता कुठे यायला लागलंय—" वीणा म्हणाली, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून गप्प झाली. मग तिने जेनिसच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला हळूच पुढे ढकललं.

जेनिस एक पाऊल जवळ आली. "लाइक द कुक?" तिने विचारलं.

"हो."

"ओके." तिने नाक बाहीला पुसलं. "अरे आजोबा, जा मग तू."

माझ्यातला मास्तर काही मरत नाही. "निघताना 'जा' नाही म्हणायचं," मी म्हणालो. "'ये' म्हणायचं."

"बट यू आर गोइंग, वॉट!"

"तरी."

तिने आमच्या सगळ्या भाषेलाच कंटाळून मान हलवली. मग माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली.

"अरे आजोबा, ये तू."

"येतो," मी म्हणालो, आणि गेलो.